थांबलेली डिझेल पिकअप उचल घेताना अडखळते : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

या पिकअपबद्दल वाईट सांगण्यासारखं फारसं नाही, पण जे आहे ते रोज पायाखाली जाणवणारं आहे. मोकळ्या रस्त्यावर गाडी भरवशाची. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये पेडल थोडं दाबलं की भरल्या हौद्यासकट ओव्हरटेक करून मोकळी होते. पण पूर्ण थांबून पुन्हा निघायचं म्हटलं की गोची व्हायची. एक्सलरेटर दाबला तरी क्षणभर काहीच घडायचं नाही. इंजिनाचा आवाज तोच, गाडी नुसती रांगल्यासारखी सरकायची आणि मग सगळी ताकद एकदम आल्यासारखी पुढे झेपावायची.

ही तक्रार नुसत्या हौसेची नाही. समोरून येणारी वाहनं बघून आडवं वळण घ्यायचं असतं, किंवा छोट्या रस्त्यावरून मोठ्या रस्त्याला लागायचं असतं, तेव्हा आपण मनात अंतराचा हिशोब करूनच पाय देतो. तो हिशोब गाडी पाळत नसेल तर लांबलचक पिकअप अर्ध्या रस्त्यात आडवी राहते. म्हणून ‘डिझेल आहे, असंच चालायचं’ हे उत्तर मला पटलं नाही. काही महिने गाडी चालवून, नोंदी काढून, दोन दुरुस्त्या करून आता खात्रीने सांगता येतं की हा अडखळा एकाच गोष्टीचा नव्हता. थोडा इंजिनाच्या स्वभावाचा होता, थोडा कंपनीने बसवलेल्या प्रोग्रॅमचा आणि बराचसा चक्क बिघाडाचा. या तिन्हींची वेगळी मोजणी न करता पार्ट बदलत बसणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

गाडी वापरलेलीच घेतली होती. अडीच लिटरचं चार सिलिंडरचं कॉमन रेल इंजिन (सगळ्या सिलिंडरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल मिळतं), व्हेरिएबल जॉमेट्री टर्बो (एग्झॉस्टच्या जोराने फिरून इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा), सहा गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, सोबत ईजीआर (एग्झॉस्टचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) आणि डीपीएफ (एग्झॉस्टमधली काजळी अडवणारा फिल्टर). म्हणजे आजच्या बहुतेक मध्यम पिकअपमध्ये असतं तेच सगळं.

आधी स्वभावाबद्दल. डिझेल इंजिनाची ताकद आत किती हवा सोडली यावर नव्हे, तर किती डिझेल फवारलं यावर ठरते. मग पाय दिल्याबरोबर भरपूर डिझेल का फवारत नाहीत? कारण ते जाळायला हवा लागते. एक ग्रॅम डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा ग्रॅम हवा लागते, आणि धूर होऊ नये म्हणून प्रत्यक्षात त्याहून बरीच जास्त ठेवावी लागते. आठशे आरपीएमच्या आयडलिंगवर (पाय न देता इंजिन नुसतं चालू असताना) टर्बो जेमतेम फिरत असतो, त्यामुळे सिलिंडरमध्ये जाते ती बाहेरच्याच दाबाची हवा. ईसीयूमध्ये (इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये) यासाठी धुराची मर्यादा बांधलेली असते. पेडल शंभर टक्के दाबा, जेवढी हवा मोजली जाते तेवढ्यालाच पुरेल इतकं डिझेल मिळतं. जास्त डिझेल जळलं तर एग्झॉस्ट जोरात येईल, एग्झॉस्ट जोरात आला तर टर्बो फिरेल, टर्बो फिरला तर हवा वाढेल आणि हवा वाढली तरच जास्त डिझेल देता येईल. हे चक्र सुरू व्हायला जो वेळ जातो तो टर्बो लॅग. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांनी एग्झॉस्टवर चालणाऱ्या टर्बोचं पेटंट १९०५ मध्ये घेतलं, तेव्हापासून ही अडचण त्या कल्पनेतच आहे. व्हेरिएबल जॉमेट्रीत टर्बाइनभोवतीची पाती मिटून एग्झॉस्टची वाट अरुंद करतात, म्हणून कमी आरपीएमलाही दाब लवकर तयार होतो. लॅग कमी होतो, संपत नाही. अशा पिकअपचा खरा जोर १५०० आरपीएमच्या आसपास सुरू होतो आणि आयडलिंगपासून तिथपर्यंतचा पल्ला तिला स्वतःच गाठावा लागतो.

पण स्वभावातला लॅग ओळखू येतो. पाय दिल्याबरोबर इंजिनाचा सूर बदलतो, गाडी थोडी तरी ओढते आणि ओढ चढत जाते. माझ्या गाडीत तसं नव्हतं. तिथे सपाट रिकामी जागा होती आणि पुढे झटका होता. अडखळणं म्हणजे नेमकं काय होतं, हे आधी नीट ऐकून ठरवा असं मी प्रत्येकाला सांगेन. आरपीएमच वाढत नसतील तर संशय इंजिनाला हवा किंवा डिझेल न मिळण्यावर, नाहीतर पेडलचा सिग्नल न पोचण्यावर. आरपीएम चढतात पण गाडी हलत नाही, असं असेल तर गिअरबॉक्स, टॉर्क कन्व्हर्टर (ऑटोमॅटिकमध्ये इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला पोचवणारा भाग) किंवा क्लचकडे बघायचं. गाडी निघते, मध्येच दम तुटल्यासारखी होते आणि पुन्हा ओढते, असं असेल तर बहुतेक टर्बोच्या दाबाची किंवा रेल प्रेशरची (रेलमधल्या डिझेलच्या दाबाची) गडबड असते. मेकॅनिककडे जाऊन ‘पिकअप मिळत नाही’ एवढंच सांगितलं तर या तिन्ही तक्रारी त्याच्या कानाला सारख्याच.

मला सर्वांत आधी मिळालेला सल्ला डिझेल फिल्टर बदलण्याचा होता. फिल्टर बदलण्यात तोटा काहीच नाही, वेळ झाली असेल तर बदलाच. पण चोंदलेला फिल्टर त्रास देतो तो मुख्यतः चढावर, पूर्ण लोडवर, जेव्हा डिझेलची मागणी सर्वांत जास्त असते तेव्हा. थांब्यावरून निघताना मागणी त्या मानाने किरकोळ असते. तिथेच अडखळणारी आणि वर मोकळी धावणारी गाडी फिल्टरमुळे अडखळत असण्याची शक्यता कमी. पंपावरचा सक्शन कंट्रोल व्हॉल्व्ह (पंपात किती डिझेल जायचं ते ठरवणारी झडप) चिकटत असेल तर मात्र निघताना त्रास होतो, कारण आयडलिंगच्या तीनेकशे बारवरून रेल प्रेशर झटकन वर जायला हवं असतं. त्याची खूण म्हणजे उभ्या गाडीत आरपीएमचा काटा आपोआप वरखाली डोलत राहतो. माझा काटा स्थिर होता, म्हणून तो रस्ता मी तिथेच सोडला.

खरी वाट दाखवली ती ओबीडी सॉकेटला (गाडीच्या तपासणीसाठीच्या जोडणीला) लावायच्या छोट्या ब्लूटूथ स्कॅनरने. एरर कोड एकही नव्हता आणि सर्व्हिस सेंटरमध्ये त्यामुळेच ‘गाडीत काही दोष नाही’ असं सांगण्यात आलं होतं. कोड नसणं म्हणजे ठरलेली मर्यादा ओलांडली गेली नाही, एवढंच. एखादा व्हॉल्व्ह सुस्तावला तरी मर्यादेच्या आत असेल तर ईसीयू गप्प बसतो. म्हणून लाइव्ह डेटाच बघायचा. त्यातही एक युक्ती आहे: स्क्रीनवर वीस आकडे लावून ठेवले तर प्रत्येक आकडा इतका सावकाश बदलतो की निघतानाचा तो एक सेकंद हातातून निसटतो. एका वेळी चार-पाचच आकडे घ्यायचे. मी पेडलचा टक्का, हवेचं वजन, मॅनिफोल्डचा (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळीचा) दाब आणि ईजीआरची मागितलेली व प्रत्यक्ष स्थिती, एवढेच घेतले. रिकाम्या मैदानात थांबायचं, निघायचं, पुन्हा थांबायचं, आणि नंतर गाडी बाजूला लावून आलेख बघायचा. गाडी चालवताना स्क्रीनकडे बघायचं नाही.

आलेखात दोष स्वच्छ दिसला. पेडल एका झटक्यात साठ टक्क्यांवर गेलं होतं, म्हणजे पेडलचा सेन्सर बरोबर होता. ईसीयूने त्याच क्षणी ईजीआर बंद करायला सांगितलं होतं. प्रत्यक्ष स्थितीची रेष मात्र तिथेच लोंबकळत राहिली आणि जवळजवळ सेकंदभराने खाली आली. तेवढा वेळ हवेचं वजन वाढलंच नाही. अडीच लिटरच्या चार सिलिंडर इंजिनात एका सिलिंडरच्या वाट्याला सव्वासहाशे सीसी येतात. टर्बोचा दाब नसतानाही ईजीआर बंद असेल तर प्रत्येक स्ट्रोकला साधारण सहाशे मिलिग्रॅम हवा आत जायला हवी. माझ्याकडे त्या सेकंदात आकडा चारशेच्याही खाली होता. बाकीची जागा व्यापली होती जळून आलेल्या धुराने.

ईजीआरचं काम चांगलंच आहे. एग्झॉस्टचा काही भाग पुन्हा आत घेतला की ज्वलनाचं तापमान उतरतं आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी तयार होतात. आयडलिंगला तो बराच उघडा असतो. पाय दिल्यावर मात्र त्याने ताबडतोब मिटायला हवं, कारण तेव्हा इंजिनाला ताज्या हवेचा कण न् कण हवा असतो. तो मिटला नाही की हवा कमी मोजली जाते, धुराची मर्यादा डिझेल रोखून धरते, एग्झॉस्ट दुबळा राहतो आणि टर्बो झोपलेलाच. एका चिकट व्हॉल्व्हने वर सांगितलेलं सगळं चक्रच उशिरा सुरू होतं.

व्हॉल्व्ह खोलला तेव्हा आतली काजळी कोरडी नव्हती. क्रँककेसमधून (इंजिनाच्या खालच्या, तेलाच्या भागातून) येणाऱ्या तेलाच्या वाफेत मिसळून तिचा डांबरासारखा थर झाला होता. बोटाने दाबला की बोट उमटायचं आणि झडप जिथे बसते त्या कडेवर तर खपली धरली होती. साफ करताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. झडप हाताने जोर लावून फिरवायची नाही, आतल्या मोटरचे प्लास्टिकचे दाते तुटतात. आणि कार्बन क्लीनर मोटरच्या बाजूला झिरपू द्यायचा नाही. बसवताना गॅस्केट नवीन घेतली आणि स्कॅनरवरून व्हॉल्व्हच्या बंद-उघड स्थितीचं रिलर्निंग करून घेतलं. हे रिलर्निंग टाळलं तर काही गाड्यांत ईसीयू जुनाच शून्य बिंदू धरून बसतो आणि साफसफाईचा उपयोग अर्धाच होतो. त्याच वेळी हवा मोजणारा सेन्सर त्याच्यासाठीच्या खास स्प्रेने धुतला. ब्रेक क्लीनर किंवा कापड त्याला लावू नये, आतली फिल्म फार नाजूक असते.

फरक त्याच दिवशी कळला. मेलेली जागा गेली. तरीही पूर्ण पेडल दाबलं की आरशात हलका काळा धूर दिसायचा आणि ओढ अपेक्षेपेक्षा थोडी कमीच वाटायची. तो दुसरा दोष होता. इंटरकूलरकडून (टर्बोतली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीकडून) येणाऱ्या रबरी पाइपच्या तोंडाशी, क्लॅम्पच्या खालच्या अंगाला तेलाचा ओला ओघळ होता आणि त्याला धूळ चिकटून कडक पट्टा तयार झाला होता. या पाइपांत आतून थोडं तेल असणं नेहमीचंच, पण ते बाहेर येतंय म्हणजे दाबाची हवाही तिथूनच जातेय. धुराचं कारणही त्यातच आहे. हवा मोजणारा सेन्सर एअर फिल्टरजवळ असतो. तिथे मोजलेली हवा पुढे गळली तर ईसीयूच्या हिशोबात ती सिलिंडरमध्ये पोचलेली असते, त्या हिशोबाने डिझेल फवारलं जातं आणि हवा कमी पडून काळा धूर निघतो. पाइप काढून दोन्ही तोंडं पुसून कोरडी केली, क्लॅम्प बदलला आणि धूर थांबला. पाइप हाताने दाबून बघताना घडीच्या आतपर्यंत बोट फिरवावं. इंजिन बंद असताना मिटलेली चीर दाब आला की उघडते.

टर्बोची पाती अडकतात का, हेही तेव्हाच बघून घेतलं. अ‍ॅक्च्युएटरची (पाती हलवणाऱ्या यंत्रणेची) दांडी बाहेरून दिसत असेल तर हे सोपं आहे. एकाने इंजिन सुरू करायचं आणि दुसऱ्याने दांडीवर लक्ष ठेवायचं. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या प्रकारात इंजिन सुरू होताच दांडी एका ओढीत पूर्ण खेचली जाते. ती अर्ध्यावर थांबत असेल किंवा धक्के खात जात असेल, तर व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या आणि पात्यांवरची काजळी तपासायला हवी. माझी ठीक होती.

यानंतर जो उशीर उरला तो प्रोग्रॅमचा. ऑटोमॅटिकमध्ये गिअरबॉक्सला जपण्यासाठी पहिल्या गिअरमध्ये टॉर्क (चाकं फिरवणारा जोर) मुद्दाम आवरलेला असतो. इको मोडमध्ये पेडलचा नकाशा सपाट असतो, अर्धा पाय दिला तर टॉर्कची मागणी अर्ध्याहून बरीच कमी जाते. हिल होल्ड असेल तर चढावर ब्रेकवरून पाय काढल्यावरही चाकं साधारण दोन सेकंदांपर्यंत धरलेली असतात आणि पुरेसा टॉर्क आल्यावरच सुटतात. स्टार्ट-स्टॉप (थांबल्यावर इंजिन आपोआप बंद करणारी सोय) चालू असेल तर इंजिन पुन्हा सुरू होण्याचा वेळ त्यात मिळवा. मी चौकात शिरायच्या आधी स्टार्ट-स्टॉप बंद करतो आणि गर्दीच्या वेळी इको मोड वापरत नाही. यात इंधन थोडं जास्त गेलं तरी मला ते मान्य आहे.

एक तपासणी इथे सांगून ठेवतो, कारण ती कुणीच सुचवत नाही. ब्रेक आणि एक्सलरेटर एकाच वेळी दाबलेले दिसले तर आजचे ईसीयू इंजिनाची ताकद कापतात. ब्रेक पेडलचा स्विच झिजला किंवा जागेवरून सरकला असेल, तर पाय काढल्यावरही त्याचा सिग्नल क्षणभर राहतो आणि तेवढा वेळ ईसीयू तुमचा एक्सलरेटर मोजतच नाही. रात्री भिंतीला पाठ करून गाडी लावा आणि ब्रेक हळूहळू सोडा. पेडल पूर्ण वर आल्यावरही भिंतीवरचा लाल उजेड रेंगाळत असेल, तर आधी तो स्विच बघा.

पेडलच्या सॉकेटमध्ये बसणारा थ्रॉटल कंट्रोलरही मी बराच काळ वापरला, त्याबद्दल स्पष्ट लिहितो. तो इंजिनाला एक न्यूटन-मीटरही जास्त देत नाही. पेडलकडून आलेला सिग्नल फुगवून पुढे पाठवतो, एवढंच त्याचं काम. तीस टक्के दाबलेलं पेडल ईसीयूला साठ टक्के दिसतं, त्यामुळे गाडी चपळ झाल्यासारखी वाटते. पूर्ण दाबलेल्या पेडलला मात्र काडीचा फरक पडत नाही. ईजीआर चिकटलेला असताना मी तो लावून पाहिला तेव्हा मेलेला सेकंद तसाच राहिला आणि त्यानंतरचा झटका उलट जास्त जोरात आला. इको मोडसारखा सपाट नकाशा कायमचाच बसवलेली गाडी असेल तर त्याच्या सौम्य सेटिंगचा उपयोग आहे. ट्रेलर मागे घेताना, अरुंद जागेत इंच-इंच सरकताना तो नकोसा होतो. दुरुस्तीनंतर मी काढून ठेवला आणि परत लावावासा वाटला नाही.

ईजीआर किंवा डीपीएफ कायमचा बंद करून टाकण्याचा सल्लाही सहज मिळतो. मी तो मानला नाही. बहुतेक देशांत ते कायद्याने चालत नाही, हे एक. दुसरं म्हणजे निरोगी ईजीआर जोरात निघताना बंदच असतो. आधीच बंद असलेली गोष्ट काढून टाकून उचल कुठून वाढणार? ज्यांना फरक जाणवतो त्यांचा व्हॉल्व्ह बहुधा माझ्यासारखाच चिकटलेला असतो, आणि तो साफ करून तोच फरक हवेत विष न सोडता मिळतो.

आता रोजच्या वापरातलं. हौद्यात वजन असलं की उशीर वाढतो, पण सरळ वाढतो, झटका येत नाही. एसीचा कॉम्प्रेसर आयडलिंगच्या दुबळ्या इंजिनावर ओझं टाकतो, ते भर उन्हात जाणवतं. मोठे टायर बसवणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की व्यास दहा टक्के वाढला तर चाकाशी मिळणारी ओढ साधारण नऊ टक्क्यांनी उतरते, आणि ती सर्वांत जास्त बोचते थांब्यावरून निघताना. उंचावर तर फरक ठळकच दिसतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब शंभर किलोपास्कलच्या आसपास असतो, दोन हजार मीटरवर तो ऐंशीच्या जवळ येतो. टर्बो जागा होईपर्यंत इंजिन याच पातळ हवेवर चालतं. धावताना टर्बो ही तूट बरीचशी भरून काढतो, निघताना नाही.

डीपीएफचं रिजनरेशन चालू असताना गाडी अजूनही थोडी जड वाटते. तेव्हा फिल्टरमधली काजळी जाळायला सहाशे अंशांच्या आसपास तापमान लागतं आणि त्यासाठी जादा डिझेल फवारलं जातं. आयडलिंग जरा वर गेलेलं असतं, पंखा जोरात चालतो, आवाज घोगरा होतो. हा दोष नाही. ते चालू असताना शक्यतो इंजिन बंद करत नाही, थोडं पुढे चालवून पूर्ण होऊ देतो. अर्धवट राहिलेली रिजनरेशन साचत गेली की फिल्टर तुंबतो, एग्झॉस्ट कोंडतो आणि मग टर्बो खरोखरच सुस्तावतो.

चालवण्याची पद्धतही थोडी बदलली आहे. पूर्वी गाडी उत्तर देत नाही म्हणून पाय आणखी खोल जायचा, आणि ताकद आली की ती सगळी एकदम यायची. आता एक तृतीयांशापर्यंत ठामपणे दाबतो, तिथेच धरतो आणि काटा १५०० ओलांडताना वाढवतो. धुराची मर्यादा सुरुवातीला जास्त देऊच देत नाही, त्यामुळे याहून खोल दाबून त्या क्षणी काही मिळत नाही. ओल्या रस्त्यावर रिकाम्या हौद्याची मागची चाकं घसरायचं प्रमाण याने खूप कमी झालं. हौद्यात वजन नसलेल्या पिकअपला हे फार जपावं लागतं.

वापरलेली डिझेल पिकअप घ्यायला जाणार असाल तर चाचणीत नुसता मोकळा रस्ता पळवून बघू नका, तिथे सगळ्याच चांगल्या वाटतात. इंजिन पूर्ण गरम होऊ द्या. खिडकी उघडी ठेवा, एसी बंद करा, पूर्ण थांबा आणि अर्ध्या पेडलवर निघा. हे पुन्हा पुन्हा करा, मग एसी लावून करा, शक्य असेल तर हलक्या चढावर करा. पेडल दाबल्यावर इंजिनाचा सूर लगेच बदलतो का, ते कानाने ऐका. सूर बदलून ओढ सावकाश आली तर तो लॅग आहे, त्याची सवय होते. सूरच उशिरा बदलला तर स्कॅनर लावून ईजीआरच्या दोन रेषा बघितल्याशिवाय सौदा पुढे नेऊ नका.